चावा कुत्र्याला, काळजी साऱ्या घराची

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. म्हशीच्या गाभण तपासणीसाठी आम्ही जनावरांच्या दवाखान्यात बसलो होतो. तेवढ्यात एक आजी नातीला घेऊन आल्या. नातीच्या हातात खताच्या पोत्यात गुंडाळलेलं पांढरं, हातभर लांबीचं कुत्रं. शहरातल्या पाहुण्यांनी दिलेलं पामेरियन जातीचं. नाव सोन्या. पोतं उघडलं तशी घाण आली अन् जवळ बसलेले दोघे उठून बाहेर गेले.

आजींनी हकिकत सांगितली. तीन दिवसांपूर्वी, बाजाराच्या दिवशी, मटणाच्या दुकानामागं दोन दांडगी कुत्री तुकड्यावरून भांडत होती. त्यातल्या एकानं सोन्याची मान धरली अन् चिंधीसारखं झटकलं. लोकांनी आरडाओरडा केल्यावर सोडलं. घरी येऊन बघितलं तर मानेवर रक्ताचे दोनच ठिपके. आजींनी हळद भरली. "म्हटलं, थोडक्यात वाचलं. पण काल धरनं खाईना झालंय बगा."

डॉक्टरांनी मानेवरचे केस कातरले. बाहेरून हरभऱ्याएवढी दोन भोकं. पण आत तळहाताएवढी कातडी मांसापासून सुटलेली, अन् त्यात किडे पडलेले. डॉक्टरांनी चिमटा हातात घेतला आणि कुत्र्याबद्दल नव्हे, वेगळंच विचारलं, "आजी, याला सोडवलं कोणी? हातानं सोडवलं का?"

आजी नातीकडं बघायला लागल्या. नात खाली मान घालून उभी. बाही वर केली तर मनगटावर दाताचा ओरखडा, खपली धरलेला. पोरीनं तीन दिवस कोणाला सांगितलं नव्हतं. आजोबांकडून ऐकलेली पोटातली चौदा इंजेक्शनं तिच्या डोक्यात बसली होती.

शेतकरी बंधूंनो, गाय-म्हैस आजारी पडली तर आपण रात्री-अपरात्री धावतो. घरातल्या लहान कुत्र्याला दुसऱ्या कुत्र्यानं धरलं तर मात्र "कुत्र्याचं काय एवढं" म्हणून सोडून देतो. पण हा चावा एकट्या कुत्र्याचा नसतो. त्यात घरातली पोरं, गोठ्यातली जनावरं आणि शेजारीपाजारी सगळे येतात. म्हणून असा प्रसंग आला तर काय करावं, हे नीट समजून घेऊ.

भांडण सोडवताना

पहिली गोष्ट, कुत्र्यांच्या भांडणात हात घालू नका. त्या वेळी आपलं कुत्रंही आपल्याला ओळखत नाही. वेदनेनं आणि भीतीनं ते मालकाचाच हात फोडतं. बादलीभर पाणी तोंडावर मारा, पत्र्याचा डबा बडवा, घोंगडी किंवा रिकामं पोतं मोठ्या कुत्र्याच्या डोक्यावर टाका. फळी नाहीतर खाट मध्ये सरकवता आली तर उत्तम. मोठ्या कुत्र्याचा जबडा लहान कुत्र्यावर मिटलेला असताना लहान कुत्र्याला ओढू नका. ओढलं की कातडी आणखी फाटते.

मोठं कुत्रं अंगावर येताना दिसलं की आपण लहान कुत्र्याला झटकन उचलून छातीशी धरतो. मग ते मोठं कुत्रं आपल्या छातीपर्यंत उडी मारतं. उचलायचंच असेल तर ते अजून लांब असताना उचला, आणि पाठ न दाखवता हळूहळू मागं सरका. पोरांना तर एकच शिकवा, की कुत्री भांडायला लागली तर लांब व्हायचं आणि मोठ्या माणसाला हाक मारायची.

केसाखालची जखम

मोठं कुत्रं लहान कुत्र्याला नुसतं चावत नाही. धरून उचलतं आणि झटकतं. त्यामुळं बाहेर दाताचं लहानसं भोक दिसतं, पण आत कातडी सुटते, मांस चेंगरतं, कधी बरगडी मोडते. छातीवर चावा असेल तर फुप्फुसाला इजा होते. पोटावर असेल तर आतडं फाटलेलं असू शकतं. शिवाय दातावरची घाण खोल आत जाऊन बसते आणि वरचं भोक लवकर मिटतं. आतल्या आत पू धरतो. म्हणून "रक्त थोडंच आलंय" यावर जाऊ नका. दुसऱ्या कुत्र्यानं धरून झटकलेलं लहान कुत्रं चालत-फिरत असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

दवाखान्यात नेईपर्यंत एवढं करा:

हातात रबरी मोजे घाला. मोजे नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवा. का, ते पुढं येईलच.

कुत्र्याला धाप लागलेली नसेल तर तोंडाला मऊ कापडाची पट्टी बांधा. धाप असेल तर बांधू नका.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड पाच-दहा मिनिटं दाबून धरा. थांबलं का ते बघायला सारखं उचलू नका.

साध्या जखमा साबण आणि वाहत्या पाण्यानं भरपूर धुवा. छातीच्या भोकातून हवा आत-बाहेर होत असेल तर तिथं पाणी ओतू नका. स्वच्छ प्लॅस्टिक ठेवून वरून कापड बांधा. आतडं बाहेर आलं असेल तर आत ढकलू नका, ओल्या स्वच्छ कापडानं झाका.

कुत्र्याला काखेत मारून नेऊ नका. फळीवर, पाटीत किंवा खोक्यात आडवं ठेवा, अंगावर पांघरूण घाला. भूल द्यावी लागू शकते, म्हणून डॉक्टर सांगेपर्यंत खायला घालू नका.

हिरड्या पांढऱ्या पडणं, धाप लागणं, उभं राहता न येणं, पोट फुगणं ही जिवावरची लक्षणं समजा. यात सकाळची वाट बघू नका.

वाहन नसेल किंवा दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फोन लावा. पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या दवाखान्यासाठीचा हा फुकट क्रमांक आहे. तो गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवला तर गाय-म्हशीलाही उपयोगी पडेल.

घरगुती इलाजाचा घोळ

आपल्याकडं जखमेत हळद, चुना, मिरची, तंबाखू, रॉकेल, फिनेल, काय काय भरतात. याचा उपयोग तर नाहीच, उलट जखम भाजते आणि घाण आत कोंडली जाते. पिकावर मारायची पावडर किड्यांसाठी टाकणारेही आहेत. कुत्रं जखम चाटतं, ते विष पोटात जातं. किडे पडलेले दिसले तर ते काढायचं काम डॉक्टरांवर सोपवा. पावसाळ्यात माशी उघड्या जखमेवर काही तासांत अंडी घालते आणि एका दिवसात त्यातून अळ्या निघतात. म्हणून जखम झाकून ठेवणं आणि कुत्र्याला गोठ्यातल्या शेणाजवळ न बांधणं महत्त्वाचं.

दुसरी चूक गोळ्यांची. माणसाची अंगदुखीची गोळी अर्धी करून कुत्र्याला देतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल यांपैकी काहीही आपल्या मनानं देऊ नका. लहान कुत्र्याच्या पोटात त्यानं रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंड किंवा यकृत खराब होऊ शकतं. चार-पाच किलोच्या जिवाला आपली अर्धी गोळीही जड असते.

आधी माणसांचे हात बघा

आता डॉक्टरांच्या त्या प्रश्नाकडं येऊ. रेबीज, म्हणजे आपण ज्याला पिसाळणं म्हणतो तो रोग, पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून पसरतो. चावणारं कुत्रं पिसाळलेलं असेल तर त्याची लाळ आपल्या कुत्र्याच्या जखमेत आणि केसांवर असते. ती जखम आपण उघड्या हातानं धुतली आणि हाताला खुरप्याची चीर असली तर ती लाळ आपल्याही अंगात जाऊ शकते. पिशव्या चढवायला सांगितलं ते यासाठी.

म्हणून सोन्यासारखा प्रसंग झाला की घरातल्या सगळ्यांना समोर बसवा. कोणी सोडवलं, कोणी उचललं, कोणाला ओरखडा आला, शांतपणे विचारा. रागावून विचारलं तर पोरं लपवतात. ओरखडा लहान असला तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा बरीच मोठी असतात. मग प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा आणि घडलेलं सगळं सांगा.

पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती आता मनातून काढून टाका. ती लस डेव्हिड सेम्पल यांनी १९११ साली कसौलीला तयार केली होती. मेंढीच्या मेंदूपासून बनणाऱ्या त्या लसीचा वापर आपल्या देशात २००४ च्या सुमारास बंद झाला. आताची लस दंडात देतात. कातडीत द्यायची असेल तर पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. स्नायूत द्यायची असेल तर चौदाव्या दिवसाचीही एक मात्रा असते. रक्त आलेल्या जखमेला लसीबरोबर सीरमही लागतं, ते जखमेत आणि भोवती टोचतात. आरोग्य केंद्रात सीरम नसेल तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात त्याच दिवशी जा. मधली मात्रा मळणी-सुगीच्या गडबडीत चुकवू नका.

उशीर झाला म्हणून लस घ्यायचीच नाही, असंही नसतं. त्या नातीला तिसऱ्या दिवशी नेलं, तरी आरोग्य केंद्रात लस सुरू केली आणि तिनं सगळ्या मात्रा पुऱ्या केल्या. लक्षणं दिसण्याआधी लस वाचवते. लक्षणं दिसू लागल्यावर मात्र माणूस जवळजवळ वाचतच नाही. रोग उमटायला बहुधा एक ते तीन महिने लागतात, कधी कमी, कधी जास्त. तेवढा काळ सगळं ठीक दिसतं आणि म्हणूनच माणूस बेफिकीर होतो.

आपल्या कुत्र्याला दरवर्षीची रेबीजची लस दिलेली असेल तरी चावा झाल्यावर पुन्हा मात्रा द्यावी लागते. लस दिलेलीच नसेल तर डॉक्टर चाव्यानंतरच्या लसींचा क्रम ठरवून देतील, तो पाळा. त्यानंतरही डॉक्टर सांगतील तितके दिवस, कधी कधी काही महिनेसुद्धा, कुत्र्याला वेगळं ठेवून लक्ष ठेवा.

ज्यानं चावलं, त्या कुत्र्याचं काय?

ते पाळलेलं असेल तर मालकाला गाठा. भांडायला नको, विचारायला. लस दिली आहे का, कार्ड आहे का, ते बघा. त्या कुत्र्याला १० दिवस बांधून, खायला-प्यायला घालून नजरेखाली ठेवायला सांगा. दहा दिवसांनी ते धडधाकट असेल तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता, असं धरतात. मात्र दहा दिवस वाट बघून मग माणसाची लस सुरू करायची, असं करू नका. लस आधी, निरीक्षण सोबत.

मोकाट कुत्रं असेल आणि ते दिसेनासं झालं तर ते पिसाळलेलं होतं असं धरूनच चाला. कारण नसताना चावत सुटणं, लाळ गळणं, खालचा जबडा लोंबणं, आवाज बदलणं, मागचे पाय लुळे पडणं ही पिसाळल्याची लक्षणं आहेत. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितंच, हा समज चुकीचा आहे. पाणी पिणारं कुत्रंही पिसाळलेलं असू शकतं.

त्याच कुत्र्यानं गोठ्यात शिरून जनावराला चावा घेतला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. पुढं कधी गाय लाळ गाळायला लागली, हंबरडे फोडायला लागली, तर घशात काही अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालू नका. या चुकीनं रेबीजशी गाठ पडू शकते.

दवाखान्यातून घरी आल्यावर

सोन्याची जखम भरायला तीन आठवडे लागले. डॉक्टरांनी आत नळी ठेवून घाण बाहेर काढली, औषधाची इंजेक्शनं दिली. जखम चाटू नये म्हणून आजींनी पुठ्ठ्याचं नरसाळं करून गळ्यात बांधलं. पण अंगावरची जखम भरली तरी मनातली राहिली होती. अंगणातून बाहेर पाऊल टाकेना. लांबून कुत्रं भुंकलं तरी खाटेखाली जाऊन मुतायचं. घरात कोणी झटकन हात उगारला तरी चावायला यायचं.

हा हट्ट नव्हे, भीती आहे. अशा कुत्र्याला मारू नका, ओढत बाहेर नेऊ नका. "सवय होईल" म्हणून दुसऱ्या कुत्र्यासमोर तर अजिबात उभं करू नका. पहिले काही दिवस एक शांत कोपरा द्या, जिथं पोरं जाऊन छेडणार नाहीत. खाणं, फिरणं रोज ठरल्या वेळी ठेवा. मग पहाटे, वाटेवर कोणी नसताना, दहा-वीस पावलं न्या आणि भाकरीचा तुकडा देऊन परत आणा. दुसरं कुत्रं लांब दिसलं आणि आपलं शांत राहिलं तर लगेच तुकडा द्या. घाबरलं तर अंतर वाढवा. आठवड्यांची गोष्ट आहे, कधी महिन्यांची. गळपट्ट्यापेक्षा छातीवरून जाणारा पट्टा बरा, मानेच्या जखमेवर ताण येत नाही.

घरच्यांचं मन

याबद्दल आपण बोलत नाही. लहान कुत्रं अशा हल्ल्यात मेलं तर पोरं जेवत नाहीत. घरातली म्हातारी माणसं उंबऱ्याकडं बघत बसतात, कारण दिवसभर घरात तेच सोबतीला असतं. लोक हसतात, "माणूस गेल्यागत काय रडताय?" असं म्हणतात. खरं तर आपल्याकडं दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडेरायाच्या घोड्यासोबत कुत्रं आहे, आणि धर्मराज कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला तयार नव्हता, ही गोष्ट आपण पोरांना सांगतो. मग दारच्या कुत्र्यासाठी डोळ्यात पाणी आलं तर लाज कसली?

ज्याच्या हातातून दोरी सुटली, ज्यानं फाटक उघडं टाकलं, तो स्वतःला दोष देत राहतो. त्याला घरच्यांनी आणखी बोलू नये. पोरांना "गावाला गेलं" असं खोटं सांगू नका. मेलं, हे साध्या शब्दांत सांगा, पुरताना त्यांना फूल वाहू द्या. खड्डा विहिरीपासून लांब आणि खोल घ्या, नाहीतर दुसरी कुत्री उकरतात. मेलेल्या कुत्र्याला उघड्या हातानं उचलू नका. रेबीजची शंका असेल तर पोरांना लांबच ठेवा आणि पुरण्याआधी पशुवैद्यकांना कळवा. लगेच दुसरं पिल्लू आणायची घाई नको. पोरांनी मागितलं, तर आणा.

भांडण की शेजारधर्म?

कुत्र्यावरून भावकी तुटल्याची उदाहरणं प्रत्येक गावात आहेत. उपचाराच्या खर्चाच्या पावत्या ठेवा आणि मालकाशी चार माणसांसमोर बोला. सरपंच, पोलीस पाटील आहेत. २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हापासून गावोगाव समित्या नेमल्या गेल्या, त्या अशाच तंट्यांसाठी. मालक अंगावर धावणारं कुत्रं वारंवार मोकळं सोडत असेल तर कायदाही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार पाळीव जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

पण रागाच्या भरात भाकरीत विष घालून टाकू नका. तो गुन्हा आहेच. शिवाय ती भाकरी ठरल्या कुत्र्यानंच खाल्ली, असं होत नाही. शेजाऱ्याचं मांजर खातं, कावळे खातात, कोणाचं वासरू तोंड लावतं. रांगतं पोर तर काहीही उचलून तोंडात घालतं.

ग्रामपंचायतीनं काय करावं

दांडगी कुत्री बाजाराजवळच का जमतात? कारण तिथं खायला मिळतं. मटणाच्या दुकानाची घाण, ढाब्याचं उष्टं, पोल्ट्रीतली मेलेली कोंबडी ओढ्यात टाकणं, मेलेलं जनावर गावाबाहेर उघड्यावर सोडणं. पूर्वी मेलेलं जनावर गिधाडं फस्त करायची. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळं १९९० नंतर गिधाडं झपाट्यानं कमी झाली. २००६ साली ते औषध जनावरांसाठी बंद झालं, पण तोवर गिधाडांच्या वाटणीचं मांस कुत्र्यांकडं गेलं होतं. म्हणून मेलेल्या कोंबड्यांसाठी चुना टाकून झाकलेला खड्डा, मेलेल्या जनावरासाठी पुरायची जागा आणि बाजार उठल्यावर त्याच संध्याकाळी सफाई, एवढं केलं तरी टोळी पांगते.

दुसरं काम नसबंदी आणि लसीकरण. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी ही जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आहे. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात मोकाट कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडावं, पिसाळलेली आणि हल्लेखोर कुत्री मात्र सोडू नयेत, असं सांगितलं. एकट्या ग्रामपंचायतीला हे झेपत नसेल तर चार गावांनी मिळून पंचायत समितीकडं मागणी करावी. ग्रामसभेत ठराव घ्यावा आणि गावातल्या पाळीव कुत्र्यांची लसीची नोंदवही ठेवावी. २८ सप्टेंबर हा रेबीज दिन आहे. पोळ्याला बैल सजवतो, तसा त्या दिवशी गावातल्या झाडून साऱ्या कुत्र्यांना लस टोचायचा शिरस्ता पाडला तर खर्च फार नाही. पशुवैद्यक, आशाताई आणि शाळेचे गुरुजी मिळून एका दिवसात हे करू शकतात.

परवा त्या आजी पुन्हा दवाखान्यात भेटल्या. सोन्याला वार्षिक लस द्यायला आणलं होतं. मानेवर केस न उगवलेला पट्टा अजून दिसतो. दोरी नातीच्या हातात होती. बाहेर झाडाखाली एक गावकुत्रं झोपलेलं बघून सोन्या थबकला, नातीच्या पायाला चिकटला. पोरीनं त्याला ओढलं नाही. ते कुत्रं उठून जाईपर्यंत ती तिथंच उभी राहिली आणि मग दोघं आत आले.

वाचकहो, आज संध्याकाळी दोन कामं करा. आपल्या कुत्र्याचं लसीचं कार्ड शोधा. ते नसेल तर येत्या बाजाराच्या दिवशी दवाखान्यात जाऊन लस द्या. आणि पोरांना जवळ घेऊन सांगा, कुत्र्याचा दात लागला तर घरी सांगायचं, कोणी रागावणार नाही.